मस्कतचं बाळसं

रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या मोहल्ल्यात नवरा परदेशी असलेल्या बाईचा संसार लोक दोन ठिकाणी बघतात. एक घराच्या छपराकडे, दुसरं पोराच्या गालांकडे. कौलं जाऊन स्लॅब पडला की नवरा कमावतो हे कळतं. पण त्यातलं घरी किती पोचतं, ते पोराच्या अंगावरूनच ठरतं. सकिनाला या दोन्ही परीक्षा द्याव्या लागल्या. पहिलीत ती सहज पास झाली. दुसरीत पास होण्यासाठी तिने आठ-नऊ वर्षं जिवाचं रान केलं.

सकिना मूळची जयगडची, होडीवरच्या तांडेलाची मुलगी. माहेरी पोरांची नुसती पलटण, आणि खाडीत जे मिळेल ते ताटात. नासिरशी लग्न झालं आणि हातावरची मेंदी पुरती उतरायच्या आत तो मस्कतला गेला. तिथे एका मोठ्या किराणा दुकानाच्या गोदामात तो माल लावायचा. दोन वर्षांनी दोन महिने रजा, की परत. "आमचां लगीन म्हणजे ईद," सकिना म्हणायची, "वाट बघण्यातच मजा." ती हसायची म्हणून ऐकणारेही हसायचे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, औषधं, दुवा, दर्गे सगळं करून झाल्यावर यासीन झाला. एकुलता एक.

अठ्ठ्याण्णव साली, यासीन अकरा वर्षांचा असताना, त्याला टायफॉइड झाला. पोर वाचलं, पण नुसती हाडं उरली. नेमका त्याच वेळी नासिर रजेवर आला. भेटायला आलेल्या माणसांनी पडवी भरली होती. त्यात शेजारची झरीन होती. झरीनच्या जिभेला हाड नव्हतं, आणि तिच्या नवऱ्याची दुबईची नोकरी नुकतीच सुटली असल्याने जिभेला धारही आली होती.

"बाप मस्कतला आणि पोरगा असा सुक्या बोंबलासारखा?" ती सगळ्यांदेखत म्हणाली. "काय गो भाबी, नासिरभाई पैसं धाडतो, का नुसतां सलाम?"

सगळे हसले. नासिरही हसला. पण रजा संपून निघताना एसटी स्टँडवर तो सकिनाला एवढंच म्हणाला, "पुढल्या खेपेला माझ्या पोराला कोण असां बोलता नये."

आणि खोकी यायला लागली.

मस्कतहून येणारा मोहल्ल्यातला प्रत्येक माणूस सकिनाच्या घरी एक खोकं टाकून जायचा. खोकं चारचौघांत उघडायचं आणि त्यातलं थोडं थोडं वाटायचं, ही तिथली रीत. साबण, अत्तर, बाम सकिना हात सैल सोडून वाटी. खायच्या वस्तूंना मात्र ती कोणाला बोट लावू देत नसे. पाण्यात कालवली की लख्ख केशरी होणारी संत्र्याची पावडर, नळकांड्यातले वेफर्स, नूडल्स, डब्यातलं चीज, भाकरीला फासायचं चॉकलेट. तारीख उलटायला आलेला माल दुकानाचा शेठ कामगारांना देऊन टाकी. नासिर स्वतःसाठी थोडा ठेवी आणि बाकीचा पोराकडे रवाना करी. लोक लोखंडी कपाटात दागिने ठेवतात, सकिनाने चीज ठेवलं. किल्ली कमरेला.

यासीन वर्षभरात गरगरीत झाला. गाल वर आले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली. झरीनच एके दिवशी म्हणाली, "आता दिसतो हो मस्कतवाल्याचा पोरगा!" त्या दिवशी सकिनाने त्याची नजर उतरवली. तिला झालेला आनंद खरा होता, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नवऱ्याची इज्जत तिने पोराच्या अंगावर तोलून दाखवली होती, आणि तीही एकटीने. ती स्वतः पेज आणि सुकटीची चटणी खाऊन उठायची. पोराला कशाची कमी पडायला नको, या एका गोष्टीत तिने कधी हयगय केली नाही. हयगय केली असती तर बरं झालं असतं.

तिचा धाकटा भाऊ तहा मिरकरवाड्याच्या बंदरात होडीवर होता. येताना तो हमखास मासळी आणायचा. यासीन कर्लीचं कालवण पुढे आलं की नाक धरायचा. "काट्यांचां कोण खाणार? नूडल्स कर ना आई." तहाला ते बघवेना. एकदा तो म्हणाला, "आपा, मे महिन्याची सुट्टी त्याला माझ्याकडं दे. जाळी ओढू दे. दोन घास मागून खाईल."

"तुझ्या पोरांसारखा काळा ठिक्कर करतोस काय त्याला?" सकिना फटकन बोलून गेली.

तहाने मासळी तशीच ठेवली आणि तो उठला. त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. सकिनाला वाईट वाटलं, पण बोललेला शब्द काही गळ टाकून परत ओढता येत नाही.

एकट्या सकिनाला दोष देऊ नका. तिने जे मस्कतहून मागवलं, ते चार-पाच वर्षांत रत्नागिरीत प्रत्येक पानपट्टीवर लोंबायला लागलं. शाळेच्या फाटकाबाहेर रंगीत पाकिटांच्या माळाच माळा. चिंचा-आवळे विकणारी म्हातारी कधी उठून गेली, कोणाच्या लक्षातही आलं नाही. डब्यात भाकरी नेणाऱ्या पोराला बाकीची पोरं हसत. यासीनला कोणी हसत नव्हतं. त्याच्या डब्याभोवती गर्दी असायची.

पंधराव्या वर्षी यासीनच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा दिसायला लागला. सकिनाला वाटलं, मळ. जाडजूड पोर, घाम येणारच. तिने त्याला न्हाणीत बसवलं आणि नारळाच्या काथ्याने घासलं. मग बेसन लावून घासलं. मग लिंबू. काळेपणा हलेना. काखेतही तसाच. "आंघोळ करतोस की नुसतां पाणी ओततोस?" म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटे घातले. मान सोलवटली, रक्ताचे थेंब आले, तेव्हा ती थांबली. चार दिवसांनी खपल्या पडल्या आणि खालून पुन्हा काळंच निघालं. दर जुम्म्याला, नमाजाला जायच्या आधी, हे असं चाले. यासीन भिंतीला हात टेकून मुकाट उभा राही.

पुढे त्याला तहान लागायला लागली. साधी नाही, तांब्याने भागत नाही अशी. सकिना केशरी सरबताचा जग भरून ठेवी. जग रिकामा झाला की दुसरा करी. बारावी झाल्यावर तो घरीच होता, दुपारभर झोपायचा. उन्हाळा आहे, वाढतं वय आहे, असं ती म्हणत राहिली. झोप न लागण्यापेक्षा लागलेली बरी.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, नेहमीप्रमाणे नासिरचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"शेठ कबूल झाला. यासीनला माझ्या जागी घेतो. पोरगां हिकडं टेकलां की मी निघालो."

"रजेवर?"

"रजा नाय गो. कायमचा. पाय दुखतात माझे. बस झाली मस्कत."

सकिनाने फोन ठेवला. पंचवीस वर्षांत तिला नवरा तुकड्या-तुकड्यांनी मिळाला होता. आता तो रोज सकाळी घरात असणार होता. तिला आनंद झाला आणि भीतीही वाटली. चहा तो कुठे बसून घेईल, हे बघायला तिने पडवीत खुर्ची मांडली, मग उचलून दाराशी ठेवली, मग पुन्हा पडवीत. झरीनने बघितलं आणि थट्टा केली, "नव्या नवरीसारखी काय गो करतंस?" सकिना लाजली. तेवढं लाजायची संधी तिला लग्नात मिळाली नव्हती.

व्हिसा आला. मेडिकलसाठी मुंबईला जायचं होतं. सकिनाने तहाला निरोप धाडला. रुसवा विसरून तो आला आणि भाच्याला घेऊन गेला. तीन दिवसांनी दोघं परत आले. तहा दारातच थांबला.

"अनफिट," तो म्हणाला.

हा एक इंग्रजी शब्द मोहल्ल्यातल्या लहान पोरालाही कळतो. या शब्दापायी कैक घरांचे स्लॅब अर्धेच राहिले आहेत. कोणाची छाती खराब निघते, कोणाची कावीळ. पण एकोणीस वर्षांच्या पोराच्या रक्तात साखर निघाली, हे तोवर कोणी ऐकलं नव्हतं. साखर ही म्हाताऱ्यांची बिमारी. सकिनाला वाटलं, कागद बदलले. दुसऱ्या दिवशी ती यासीनला घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा रक्त घेतलं, आकडा बघितला. मग त्यांनी यासीनची कॉलर खाली केली.

"हे कधीपासून आहे?"

"मळ आहे डॉक्टर," सकिना ओशाळून म्हणाली. "घासून जात नाय."

"मळ नाही हा. शरीर साखर पेलत नाही त्याची खूण आहे. वजन, हे डब्यातलं खाणं, ही सरबतं... हल्ली महिन्याला एखादा तरी असा तरुण पोरगा येतो माझ्याकडे." डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. "तीन-चार वर्षांपूर्वी दाखवलं असतं, तर इथवर आलं नसतं कदाचित. आता इंजेक्शनावर ठेवावं लागेल."

परत येताना चढावर यासीनला दम लागला. तो एका दगडी गडग्यावर टेकला. एकोणीस वर्षांचं पोर. त्याच्याच वयाचा तहाचा मुलगा डोक्यावर मासळीची टोपली घेऊन हा चढ पळत चढतो.

"आई," तो खाली बघत म्हणाला, "मी खरांच रोज घासायचो गो."

सकिनाला तिथे रस्त्यातच रडू फुटलं. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ज्या मानेवर तिने काथ्या फिरवला होता, तिच्यावर तिने हात ठेवला, आणि यासीन सवयीने आक्रसला.

मोहल्ल्यात कुजबुज सुरू झालीच होती. कोणी टीबी म्हणत होतं, कोणी त्याहून वाईट. झरीन विचारायला आली तेव्हा सकिनाने लपवाछपवी केली नाही. "साखर हाय," ती म्हणाली. "मीच भरवली." झरीन उठून घरी गेली.

मग शुक्रवार आला. नमाज झाली आणि फोन वाजला. यासीन आतल्या खोलीत होता. सकिनाने एका दमात सगळं सांगून टाकलं, मधे थांबली असती तर पुढचं निघालं नसतं.

नासिरने विचारलं, "किती निघाली?"

"तीनशेच्या वर."

"उपाशीपोटी, का जेवल्यावर?"

सकिना दचकली. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला होता. तिला तो आठ दिवसांपूर्वी कळलाही नसता.

"तुम्हाला काय म्हायत उपाशीपोटीचां?"

पलीकडे कोणीतरी हाक मारली, नासिरने त्याला अरबीत काहीतरी उत्तर दिलं. मग तो हळू आवाजात बोलायला लागला. "मला चार वर्सां झाली. तुला सांगून काय करणार होतो? हथं खोलीत चूल पेटवू देत नायत. जो माल पोराला धाडत होतो तोच मी खात होतो, रोज, दोन टायमाला. गोदामात पडलेलाच असायचा." तो पुढे म्हणाला, "गेल्या साली उजव्या पायाचां एक बोट कापून काढलां. म्हणून तर येत होतो गो. आता उभां ऱ्हवत नाय."

"या तुम्ही," सकिना म्हणाली. "उद्या निघा. काय असेल ती पेज पिऊ तिघां."

"पेजेन इंजेक्शनां येत नायत, सकिना. हथं माझी औषधां तरी शेठ देतो. घरी आलो तर दोघांची कोण आणणार?" तो म्हणाला. "मी ऱ्हातो. जमेल तवर ऱ्हातो."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिने एवढंच विचारलं, "पाय सुजतो काय?"

"नाय," तो म्हणाला.

त्यानंतर सकिनाने यासीनला सगळं नव्याने खायला शिकवलं, तान्ह्या पोराला शिकवतात तसं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, काटे काढून दिलेली मासळी. सुरुवातीला तो उमासे येऊन उठायचा. हळूहळू दोन घास घेऊ लागला. गाल उतरले, वजन उतरलं, तो पुन्हा हडकला, पण त्या हडकुळेपणावरून आता कोणी बोलत नव्हतं. एका मोबाइलच्या दुकानात तो बसून करायचं काम करतो. डोळ्यांपुढे मधूनच धूसर होतं म्हणतो.

नासिरचा फोन दर शुक्रवारी येतो. सकिना पायाचं विचारते, तो बरा आहे म्हणतो. मग ती विचारते, "आज काय जेवलांत?"

"मासळी नि भात," नासिर सांगतो.

"बरां केलांत," ती म्हणते, आणि फोन यासीनच्या हातात देते.