दिवेलागणीची धुरी

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "डेंग्यू आहे बाबा. तुम्हालाही, आजींनाही." मी म्हणलं, व्हायचा न्हाई. माझ्या घरात डासाला थारा न्हाई.

आमचं घर रिहे गावात, गोठा दारातच. रोज दिवेलागणीला शेणीच्या निखाऱ्यावर निरगुडी आन कडुलिंबाचा पाला टाकून मी धुरी करतो. बाप करायचा तशीच. मग हौसा, म्हंजे आमची मालकीण, गवती चहा घालून कढवलेलं खोबरेल हातापायाला लावायची. सुनेनं विजेच्या बटनात खोचायची डास मारायची बाटली आणली, ती मी उकिरड्यावर फेकली.

दोघांनाबी ताप आला. हाडं ठणकायची. गुळवेलाच्या काढ्यावर अंगावर काढला. हौसाच्या हिरड्यातनं रक्त आलं तवा लेकानं गाडी काढली.

दवाखान्यात रोज प्लेटलेट मोजायचे. प्लेटलेट म्हंजे रक्ताला बांध घालणारे कण. माझे चढत गेले, तिचे उतरत गेले. दोन खाटांच्या मधी पडदा.

डॉक्टरला मी धुरीचं ऐकवलं. ते हसले न्हाईत. म्हणाले, "पाल्यातल्या तेलाला डास बिचकतो, खरं आहे. पण ते लवकर उडून जातं. आणि हा डास दिवसा चावतो. स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो."

गोठ्यात दगडी डोण हाय. गाय गढूळ पाणी पीत न्हाई म्हणून हौसा ती रोज वरनं भरायची, पर उपसायची न्हाई. सकाळी अंघोळीत रातचं तेल साबणानं काढायची आन डोणीपाशीच तांदूळ निवडत बसायची.

पडद्याआडनं ती बोलली, "ऐकलंत का? तुमच्या धुरीनं डास न्हाई पळाला. आता मीच पळते."

मी म्हणलं, "गप पड."

तेच आमचं शेवटचं बोलणं. सांजच्याला ती गेली. डेंग्यू शॉक, म्हंजे नसांतलं पाणी बाहेर झिरपतं आन रक्तदाब बसतो. नर्सबाईनं शेवटपर्यंत तिचे ओठ ओल्या कापसानं पुसले. मी कुणाचे उपकार मानत न्हाई. त्या बाईचे मानतो.

तुमच्या घरात ताप आला तर काढा पीत बसू नका, रक्त तपासा. निरगुडी सोडायला मी सांगणार न्हाई. निरगुडी खोटी न्हाई, माझी वेळ खोटी होती. तेल उजाडल्यावर लावा, उडालं की परत लावा. साठवणीचं पाणी उपसा.

हौसाला अग्नी देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोण उपसली, खराट्यानं खरवडली आन उन्हातच धुरी पेटवली. शेजारचा बबन कुंपणावरनं म्हणला, "आबा, सकाळ हाय."

म्हणलं, "ठाव हाय."