तांबड्या दिव्याचा स्क्रू

जळक्या वार्निशचा वास आला की आजही मला माझीच किळस येते.

बहात्तरच्या दुष्काळात श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, आणि तिच्यावर एकच मोटर. दुपारी व्होल्टेज पडलं की ती नुसती घुरघुरायची, तापायची. दोनदा जळाली, आतल्या तारांवरच्या वार्निशसकट. नगरहून वाइंडिंग भरून येईपर्यंत आठ-आठ दिवस गावाचे हाल कुत्रं खात नव्हतं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. पुण्याहून एक झेनर डायोड मागवला, मोडक्या रेडिओतला ट्रान्झिस्टर काढला आणि सगळं साबणाच्या डबीत बसवलं. व्होल्टेज एकशेऐंशीच्या खाली गेलं की टॉर्चचा बल्ब तांबड्या कागदाआडून लागायचा. तो कितीला लागावा हे ठरवायला आत एक बारीक स्क्रू होता. मोटरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्याला एवढंच शिकवलं होतं: दिवा लागला की मोटर बंद. महिनाभर मोटर सुखरूप चालली.

मग तालुक्याहून साहेब विजेच्या पाहणीला येणार असं कळलं. आदल्या संध्याकाळी सरपंच घरी आले.

"मास्तर, ह्यो तांबडा डोळा सायबाफुडं नको. लाइट चांगली हाय म्हून कळवून बसलोय मी."

"पण व्होल्टेज खरंच कमी असतं."

"त्ये मला बी कळतंय. दिसाया नको."

शाळेच्या समितीत तेच होते. माझ्यातला शेळपट मास्तर निमूट उठला आणि स्क्रू फिरवून आला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विझलेला दिवा पाहून "छान" म्हटलं. मला हार घातला. मागं मोटर घुरघुरत होती, मला ऐकू येत होतं, आणि मी ओशाळं हसत उभा होतो. सरपंचांच्या ओसरीवर चहा चालू असतानाच तो वास आला.

विहिरीवर हंडे घेऊन उभ्या बायांसमोर सरपंच म्हाताऱ्यावर खेकसले, "कुठं ध्यान हुतं तुजं?"

म्हातारा माझ्याकडे वळला. "दिवा लागलाच न्हाई, मास्तर. म्या नजर हलवली न्हाई."

सगळे माझ्याकडे बघत होते. हार अजून गळ्यातच होता.

"बल्ब गेला असेल," मी म्हणालो.

पुढच्या बाजारी म्हातारा काष्टीला चालत गेला आणि धोतराच्या सोग्यात बांधून एक बल्ब घेऊन आला.

"लावून बगून आनलाय," तो म्हणाला. "आता ह्यो बसवा."

मी चांगला बल्ब काढला आणि त्याचा बसवला.