पाणी मारणारी बाई

सर्व संबंधितांस, तसंच ज्यांचा काडीचाही संबंध नाही त्यांनाही, याद्वारे जाहीरपणे कळवण्यात येतं की चंदीगड शहरी, इंडस्ट्रियल एरियात, संडास-बाथरूमच्या सामानाच्या एका शोरूमच्या वर, भर दुपारी, प्रतिष्ठित माणसांच्या साक्षीने माझा केसाने गळा कापण्यात आला. रक्त सांडलं नाही. हातातला चहा तेवढा सांडला, तोही बशीतच. सदर घटनेची कुठेही नोंद झालेली नसल्यामुळे मी स्वतःच ती करत आहे.

तर मंडळी, मी पुरातत्त्ववाली. जमीन खणायची, खापरं गोळा करायची, कुठला थर जुना आणि कुठला त्याहून जुना हे ठरवायचं, हा माझा उद्योग. माहेर साताऱ्याकडचं. नवरा केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी खात्यात, त्याच्या बदलीबरोबर चंदीगडला आले. तेव्हा माझी पदवी ट्रंकेत होती, स्वेटरांच्या खाली. तिला बाहेर काढलं ते काकूंनी. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या तोंडून सहज निघालं की मी पुरातत्त्व शिकलेय. काकूंनी वाण बाजूला ठेवलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, “चाल माह्या घरी. आमच्या यायले मातीतली मानसं भेटत नाही इकडे.”

काकू अमरावतीच्या. ‘आमचे हे’ म्हणजे सर, नावाजलेले उत्खननकार. त्यांच्या हाताखाली मी पुढची वीसेक वर्षं हिवाळे काढले. तंबूत राहिले, बादलीभर पाण्यात न्हाले, पोरीच्या युनिट टेस्टचा अभ्यास फोनवरून घेतला. ती पोर अजूनही माझ्याशी हिंदीतच बोलते, “मम्मा, आप तो मिट्टी में ही रहो.” मला हे सगळं आवडायचं हो! अगदी जीव टाकून आवडायचं.

आता आमच्या धंद्याची गंमत अशी की वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, पण उद्या कुणी फावडं घेऊन उभं राहिलं आणि म्हणालं मी पुरातत्त्वज्ञ, तर त्याला अडवणारं कुणी नव्हतं. म्हणून आमच्या एका संघटनेने रीतसर व्यावसायिक मान्यता द्यायला सुरुवात केली. तिच्या तीन पायऱ्या. खालची सहायक, मधली सदस्य आणि वरची म्हणजे स्वतंत्रपणे उत्खनन चालवायला पात्र. मला वरचीच हवी होती. का, ते सांगते.

घग्गर नदीच्या बाजूला एक टेकाड आहे. आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढर म्हणतात, इकडे त्यालाच थेह म्हणतात. त्या थेहाच्या कडेवरून रस्ता जायचा होता आणि रस्त्याआधी एक हिवाळा तिथे खोदकाम व्हायचं होतं. ते काम घेतलेल्या कंपनीचा माणूस मला म्हणाला, “मॅडम, आप मान्यता ले आइए, साइट आपकी.” साइट आपकी! माझ्या कानांवर विश्वास बसेना. त्यानंतर मी दर रविवारी नवऱ्याला तिथे गाडी न्यायला लावायचे. तो गाडीत पेपर वाचायचा आणि मी टेकाडावर फिरायचे, लग्न ठरलेली मुलगी सासरच्या घरासमोरून उगाचच चक्कर मारते तशी. पहिला खड्डा कुठे घ्यायचा हे मी ठरवून टाकलं होतं. उगवतीकडे, जिथे पावसाने कड धुऊन निघाली होती आणि विटांची एक ओळ डोकावत होती. आजवर मी दुसऱ्यांनी आखलेले खड्डे खणले होते. हा मी आखणार होते.

मान्यतेसाठी एक अट होती. ज्यांच्या हाताखाली काम केलं असा एक ज्येष्ठ माणूस मुलाखतीला प्रत्यक्ष यायला हवा आणि या व्यक्तीचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय असं त्याने तिथे सांगायला हवं. मला त्याची चिंताच नव्हती. सर म्हणाले, “मी आहे ना! एकदम पक्का.” आणि वर म्हणाले, “हे बघ, थर कोणी वाचले असं विचारलं तर लाजायचं नाही. सांगायचं, मी वाचले.”

हे वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलंय. तुम्हीही ठेवा.

कारण थर वाचणं ही आमच्यात मोठी मानाची गोष्ट. खड्ड्याची उभी भिंत असते ना, तिच्यात काळ एकावर एक रचलेला असतो. राखेचा थर, मातीचा थर, पुराने आणलेल्या वाळूचा थर. कोरड्या भिंतीत ते नीट दिसत नाहीत. मग संध्याकाळी मजूर गेल्यावर भिंत खरवडायची आणि तिच्यावर फवाऱ्याने पाणी मारायचं, की रंग उमलून येतात. मग सर यायचे. टोपी, मफलर आणि हातात सुरी. आम्ही सगळे बाजूला उभे, आरतीला उभे राहतो तसे. सर एक डोळा मिटायचे आणि सुरीने भिंतीवर रेघ ओढायचे: हा एक काळ संपला, इथून दुसरा सुरू. त्यांच्याआधी कुणी रेघ ओढायची नाही, असा दंडक. लिहिलेला नाही, पण त्याहून कडक.

आणि रीत अशी की दिवसभर त्या खड्ड्यात बसून थर ज्याने ओळखलेले असतात, त्यानेच पाणी मारायचं. जिथे सीमा असेल तिथे दोन फवारे जास्त मारायचे, अगदी सहज, हात थरथरल्यासारखे. सर तिथेच रेघ ओढायचे आणि आम्ही म्हणायचो, “वा सर!” प्रत्येक कॅम्पवर असंच चालतं. सांगणाऱ्याने सांगायचं नाही आणि ऐकणाऱ्याने ऐकलं असं दाखवायचं नाही. मी या कलेत तरबेज होते. एकदा सर भलत्याच जागी सुरी टेकवायला निघाले, तेव्हा मला अशी जोरदार शिंक आली की फवाऱ्याची दिशाच बदलली. सर थबकले, सुरी वीतभर खाली सरकली आणि एक आख्खं राज्य वाचलं.

असो. मुलाखतीचा दिवस ठरला. सेक्टर बावीसमध्ये साडी घ्यायला गेले, तर दुकानदार विचारतो, “मॅडम जी, इंटरव्यू है या रिश्ता?” मी म्हटलं, दोन्ही समजा. नवरा म्हणाला, “खोदकामाचा परवाना मागायला इतकी कडक स्टार्च? त्यांना वाटेल ही मातीत बसणारच नाही.” मी म्हटलं, “अहो, तुम्ही ऑब्जेक्शन काढायचं काम ऑफिसातच ठेवा.” पण तो मला सोडायला आला आणि मी गाडीतून उतरताना म्हणाला, “घेऊनच ये.” तो इतकं बोलला म्हणजे पुष्कळच बोलला.

संघटनेचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. खाली दोन मजले नुसते कमोड. पांढरे, गुलाबी, एक तर सोनेरी. जिना चढताना मला वाटलं, हजार वर्षांनी कुणी हे खोदून काढलं तर म्हणेल, इथे कुठल्या तरी देवाचं मोठं ठाणं होतं. मी खुशीत होते.

समोर मंडळ बसलेलं. अध्यक्षीणबाई पंजाबी, चष्मा नाकाच्या टोकावर, हसायचं नाही असा नवस केलेल्या. बाकीचे वयाने लहान, आणि त्यातले दोघे सरांचे जुने विद्यार्थी. माझी गाडी सुसाट सुटली. खापरं दाखवली, मी ओळखली. वाळूच्या थरावर विचारलं, मी पुराची गोष्ट अशी रंगवली की नवस मोडून अध्यक्षीणबाई हसल्या. मग त्यांनी माझ्याच अर्जातलं खड्ड्याच्या एका भिंतीचं चित्र, आमच्या भाषेत सेक्शन, पुढे सरकवलं.

“ये लेयर्स किसने पढ़े?”

मी ताठ बसून म्हटलं, “मैंने.”

“शुअर?”

“जी. मैंने.”

त्यांनी मान डोलावली आणि बाहेर बसलेल्या सरांना आत बोलावलं. सर आले तसे ते दोघे विद्यार्थी ताडकन उठले, पाया पडले. सरांना खुर्ची, सरांना चहा. मलाही एक कप मिळाला, सरांच्या पुण्याईने.

“सर, इनके बारे में कुछ बताइए.”

सर इतकं गोड बोलले म्हणून सांगू! म्हणाले, ही आली की कॅम्पला घरपण यायचं. मजुरांच्या बायका हिच्यापाशी सुखदुःख सांगायच्या. हिच्या हातचा चहा म्हणजे अमृत. मी मान खाली घालून हसत होते. म्हटलं, आता येईल कामाचं.

अध्यक्षीणबाईंनी ते चित्र सरांसमोर धरलं. “और सर, ये सेक्शन किसने पढ़ा था?”

सरांनी चित्र पाहिलं. मग त्या दोघा विद्यार्थ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

“लेयर्स तो जी मैं ही पढ़ता था,” सर म्हणाले. “लेकिन एक बात कहूँगा. ये पानी बहुत अच्छा मारती थी.”

मंडळी हसली. प्रेमाने हसली, हेच वाईट. तेव्हाच चहा सांडला. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे चष्म्यावरून पाहत राहिल्या, आणि त्या नजरेत मी खोटारडी ठरले होते. मी तोंड उघडलं. म्हणणार काय होते? पाणी कुठे मारायचं हे मी ठरवत होते? सरांच्या तोंडावर, त्यांच्या पाया पडणाऱ्यांसमोर? वीस वर्षं जे न बोलण्यात हुशारी मानली, ते त्या खोलीत बोलता येईना.

निकाल तिथल्या तिथे सांगायची त्यांची पद्धत आहे. मला खालची पायरी मिळाली, सहायक. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणखी काही हंगाम स्वतंत्र जबाबदारी घ्या, मग पुन्हा या. स्वतंत्र जबाबदारी मिळण्यासाठीच तर मी आले होते! जिन्यातच कंपनीच्या माणसाला फोन केला. त्याने अरेरे केलं आणि म्हणाला, मग मॅडम, आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल. उगवतीकडची ती विटांची ओळ आता दुसराच कुणी उघडणार होता.

काकूंनी जेवायला बोलावलेलं होतं, म्हणून सरांच्याच गाडीतून त्यांच्या घरी निघालो. एक चौक गेला, दुसरा गेला. या शहरात प्रत्येक चौकात गोल फिरावं लागतं, त्यामुळे माणसाला न बोलायला भरपूर जागा मिळते. शेवटी मीच म्हटलं, “सर, तुम्हीच म्हणाला होतात, सांग मी वाचले म्हणून.”

“म्हणालो होतो.”

“मग?”

“अगं, तिथे ती पोरं बसलेली. त्यांच्यासमोर मी काय सांगू, की माझ्या सुरीला वाट तू दाखवायचीस?”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मीच मोठी नटी. प्रेक्षकाला सगळं कळत होतं आणि तो टाळ्या स्वतःसाठी घेत होता.

“सर, ती साइट गेली माझी.”

“जाऊ दे गं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी आहे ना.” मग घसा खाकरून, अगदी मऊ आवाजात, “सोमवारी मात्र ये. अहवालातलं खापरांचं प्रकरण तसंच पडलंय.”

सरांच्या शेवटच्या उत्खननाचा हा अहवाल. सांगायचे ते आणि लिहायचे मी.

घरी काकू दारातच उभ्या, हातात ओवाळायचं ताट, निरांजन पेटवलेलं. माझा चेहरा पाहून ताट खाली आलं.

“काय झालं वो?”

“सहायक दिलं हिला,” सर बूट काढत म्हणाले. “माझी फार इच्छा होती, पण मंडळापुढे कुणाचं चालत नाही. मी जेवढं सांगायचं तेवढं सांगितलं.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही, ही त्यांची ख्याती. मला जवळ ओढून, माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या खऱ्याखुऱ्या कळवळ्याने बोलून गेल्या, “अवो, पन कालच तं तुम्ही मले म्हनत होते ना, हिले वरचं भेटलं तं ही आपलं टेकाड खोदाले पळते, मंग आपला अहवाल कोन लिहिन?”