संत्र्याच्या बागेतला पहिला फोन

संत्र्याचा बहार घमघमला, की मला माझा पहिला स्मार्टफोन आठवतो. सून माहेरी पुण्याला बाळंत झाली होती आणि नातवाचं तोंड पाहायला जीव उतावीळ झाला होता. सौसरच्या दुकानात मी एकेक मॉडेल उलटंपालटं करून, हातात तोलून पाहत होतो. "फोन घेऊन राहिले का बैल?" बायको म्हणाली. "तण निंदणाऱ्या बायांचे फोन पाह्यले म्या. आपल्या बागेत एकाच कंपनीची रेंज येते, थेच सिम घ्या!" सिम घातलं आणि थेट बाग गाठली. व्हिडिओ कॉल लागताच मी हरखून फोन कानाला लावला. "बाबा, बाळाले तुमचा कान दिसून राहिला ना!" पोरगा तिकडून ओरडला. नातू आता शाळेत जातो, पण भेटला की अजूनही आधी माझा कानच धरतो.