ताईच्या कुलपाची नक्कल

तमाम नातेवाईक, सोसायटीचे सभासद आणि केळवणापासून साठीशांतीपर्यंत ज्यांनी ज्यांनी 'एक होऊन जाऊ दे' म्हणत मला उभं केलं ते सर्वजण, यांना या निवेदनाद्वारे कळवण्यात येते की मी नकला करणं कायमचं थांबवलं आहे. कारण वैद्यकीय आहे. कृपया आग्रह करू नये.

आता खरं काय झालं ते सांगतो.

माझी सगळ्यात गाजलेली नक्कल माझ्या थोरल्या बहिणीची होती. ताई कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, वर्गात कधी डगमगली नाही. पण घराबाहेर पडायचं म्हटलं की हिचे तळहात गार पडतात, पोटात कळ येते आणि मग ढेकर सुरू होतात; कोरडे, एकामागून एक. कुलूप लावून ते तीनदा ओढायचं, दोन मजले उतरायचं, पुन्हा वर जायचं, पुन्हा ओढायचं. या सगळ्याचा मी सात मिनिटांचा प्रयोग बसवला होता, 'ताई निघाली स्वारगेटला'. शेवटी ताई स्टँडवर पोचते, समोर तिची गाडी उभी असते आणि ताई कुलूप बघायला माघारी वळते. माणसं हसून हसून डोळे पुसायची. ताईही हसायची. ती हसते म्हणजे तिची परवानगी आहे, असा मी सोयीस्कर अर्थ काढला होता.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि पहिलं केळवण तिच्या आत्याने, म्हणजे ताईनेच केलं. दोन दिवस ओट्याशी उभं राहून वीस माणसांचा स्वयंपाक. मुलीच्या सासरची मंडळीही होती. जेवणं झाली, विडे झाले, आणि होणाऱ्या विहीणबाई म्हणाल्या की तुम्ही नकला छान करता असं ऐकलंय. मला काय, तेवढंच हवं होतं. मी उठलो आणि खिळ्यावरचं ताईचंच कुलूप हातात घेतलं. तिच्याच घरात, तिच्याच दाराला लावून ते ओढायला लागलो.

ताई मठ्ठ्याचं पातेलं धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी पहिला ढेकर दिला. हशा झाला. आणि त्या हशातच ताईला ढेकर आला. खरा. मग दुसरा. लोकांना वाटलं, आम्ही दोघांनी मिळून बसवलंय. विहीणबाई म्हणाल्या, काय टायमिंग आहे. इथपर्यंतही एक वेळ मला कुणी माफ करेल. पण मी काय केलं, तर कमरेत वाकून मुजरा केला आणि सहकलाकाराची ओळख करून द्यावी तसा हात ताईकडे केला. टाळ्या पडल्या. पातेल्यातला मठ्ठा हलत होता, ते मला दिसलं होतं. मला दिसलं होतं, एवढंच मला इथे लिहून ठेवायचं आहे.

दुसऱ्या दिवशी ताईने मुलीला फोन करून सांगितलं की लग्नाला काही यायला जमणार नाही, तब्येत बरी नसते. मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. ती माझ्यावर गेलेली नाही, कमी बोलते.

"बाबा, आत्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. तिला तुम्ही आणायचं."

फोन उचलून माफी मागायची, इतकं साधं काम. मी दहा दिवस ते केलं नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. मग शरीराने कारभार हातात घेतला. आधी डावी पापणी फडफडायला लागली. मग घास घशाशी अडायला लागला. मग अंघोळीच्या वेळी छातीत असं काही धडधडलं की मी साबण लावलेल्या अंगाने स्टुलावर बसून मृत्युपत्राचा मसुदा केला. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि हृदय उत्तम असल्याचं सांगितलं. काही ताण आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मुलीचं लग्न. बायकोने मान डोलावली. खोटं बोलण्यासाठी खरं कारण किती उपयोगी पडतं, ते त्या दिवशी कळलं.

लग्नाला आठ दिवस उरले असताना मी केळीची पानं सांगायला मंडईत गेलो. गाळ्यांच्या रांगेत मधोमध असताना कान तापले, बोटं बधिर झाली, आवाज लांब गेले. एका भाजीवालीने मला पालथ्या क्रेटवर बसवून पाणी दिलं. बायको जवळच साड्यांच्या दुकानात होती. तिला बोलावणं सोपं होतं. पण हे काय आहे ते ओळखणारं माणूस मला एकच माहीत होतं. मी ताईला फोन लावला आणि म्हटलं, "तुला होतं ना, ते मला होतंय."

कुठे आहेस एवढं विचारून तिने फोन ठेवला.

जिला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जायला तासभर लागतो, ती अर्ध्या तासात रिक्षाने आली. पायात घरातल्या स्लिपर. हात धरून शेजारच्या क्रेटवर बसली. तिचा हात माझ्याइतकाच गार होता. मग गणिताच्या बाईंच्या आवाजात तिने मला पाय जमिनीवर नीट टेकवायला लावले आणि समोर दिसतील त्या भाज्या एकेक करून म्हणायला सांगितल्या. मी म्हणू लागलो. गवार, दोडका, वांगी, घेवडा. घाई केली की ती पहिल्यापासून म्हणायला लावायची. तिसऱ्या खेपेला घेवड्यापाशी मला एक लांबलचक ढेकर आला. हुबेहूब तिचा. सात मिनिटांच्या प्रयोगात मला तो एकदाही इतका साधला नव्हता.

ती हसली नाही. मला रडू आलं. मुजऱ्याचं सांगितलं, मठ्ठ्याचं सांगितलं, मला दिसलं होतं हेही सांगितलं. ती ऐकत राहिली. 'जाऊ दे' म्हणाली नाही; आजपर्यंत म्हणालेली नाही.

मग म्हणाली, "येईन लग्नाला. पण माईक तुझ्या हातात दिसला तर उठून जाईन."

मी हो म्हटलं. भाजीवालीचा ग्लास परत केला, पानांचं सांगून झालं आणि आम्ही रिक्षा बघायला रस्त्याकडे निघालो. चार पावलांवर ताई थांबली. मला वाटलं, तिलाही चक्कर आली. तिने दोन्ही हात समोर धरून उघडून पाहिले, त्यात काहीच नव्हतं, आणि भर मंडईत म्हणाली,

"अरे, मी दाराला कुलूपच लावलं नाही."