माझं नख सुकत नव्हतं

एका रविवारी आम्ही डोंबिवलीला दिरांकडे जेवायला गेलो होतो. मी, नवरा आणि सासूबाई. पुतणी फिजिक्समध्ये एमएस्सी करते. जेवणं उरकल्यावर ती वायरी आणि मीटर घेऊन बाहेरच्या खोलीत आली. नखातून वीज किती जाते आणि नख ओलं झालं की किती फरक पडतो, हा तिचा प्रोजेक्ट. घरातल्या सगळ्यांची बोटं तिला हवी होती.

मी नखं खाते. लहानपणापासून. आता बँकेत मॅनेजर आहे, तरी खाते. हळदीकुंकवाला अत्तर लावून घेताना बोटं आत मुडपून हात पुढे करते.

आधी सासूबाई बसल्या. कोरड्या नखातून करंट जवळजवळ गेलाच नाही. मग त्यांनी बराच वेळ वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ठेवलं, तर आकडा भराभर वाढला.

"पाणी नखात मुरतं, आजी. म्हणून," पुतणी म्हणाली.

माझी पाळी आली. तिनं माझी बोटं एकेक पाहिली. वायर चिकटवायला जागाच नव्हती. तिनं अंगठा धरला, तिथे थोडं नख शिल्लक होतं. मीटर पाहून तिच्या कपाळावर आठी पडली.

"काकू, तू आत्ता भांडी घासलीस का?"

"छे गं! वहिनींना मी भांड्यांना हातही लावू दिला नाही," जाऊबाई आतून ओरडल्या.

"हात धुतले होते मघाशी," मी म्हणाले. कान गरम झाले होते.

"मग सुकू दे जरा." ती मला पंख्याखाली बसवून आत गेली. टीव्हीवर कसलीतरी मालिका लागली होती. ती परत आली तेव्हा माझा अंगठा तोंडात होता. मला पत्ताच नव्हता.

पुतणी दारातच थांबली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, तिचं राहू दे. ते काही सुकायचं नाही."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे. एकदाही टोकलं नव्हतं. त्या चिडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर तरी दिलं असतं.

"तुझं रीडिंग वगळते हं, काकू," पुतणी वायरी गुंडाळत म्हणाली. मी मान हलवली.

परतताना कळव्याच्या सिग्नलला गाडी थांबली. सासूबाईंनी पर्समधून बडीशेपेची पुडी काढून मागे वळून मला दिली. "घे, चघळायला."

नवरा समोर बघत राहिला. मी पुडी घेतली. वर्तकनगरचं घर येईपर्यंत मला त्यांच्याकडे बघवलं नाही.