कमळाबाईंचं माहेरचं नाव

हरिहररावांची पहिली बायको कमळा दुसऱ्या बाळंतपणात गेली आणि वर्ष उलटायच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. यात नवल काही नाही. त्या काळी पुरुषाला महिनाभर स्वतःच्या हातानं चहा करून प्यावा लागला की सगळ्या भावकीला त्याची कीव यायची. नवल वाटावं ते पुढंच आहे. दुसरीचं नावही त्यांनी कमळाच ठेवलं.

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची रीत. भटजींनी विचारलं, काय लिहायचं? हरिहररावांच्या आई सखुबाई म्हणाल्या, "कमळाच लिहा. आमच्या तोंडात तेच बसलंय. भांड्यांवरही तेच घातलंय, आता पुन्हा कोण घालत बसणार?" मुलीच्या बाजूनं बोलायला होती फक्त तिची विधवा आई, आणि तिला तर मांडवात पुढं यायचीही चोरी. अशी कल्याणची गोदा, हंड्याकळशांवरचं नाव वाया जाऊ नये म्हणून, कमळा झाली.

मी लग्न होऊन डोंबिवलीला आले ती सत्तेचाळीस साली. तोवर कमळाबाईंना त्या घरात दहा वर्षं झाली होती. आमची बिऱ्हाडं शेजारी शेजारी, आणि मधली भिंत अशी की त्यांच्याकडं मिरचीची फोडणी पडली की आमच्याकडं ठसका लागे. हरिहरराव ठाण्याला कचेरीत कारकून, स्वभावानं मितभाषी, म्हणजे घरात आई बोलायची आणि ते पेपर वाचायचे. पहिलीचा मुलगा गोपीनाथ कमळाबाईंनी पोटच्यासारखा वाढवला. त्यांना स्वतःला मूल झालं नाही, आणि सखुबाईंनी त्याबद्दल त्यांना ऐकवायचं काही बाकी ठेवलं नाही.

माझंही नाव बदललं होतं, मालनची मी कलावती झाले. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण ते नाव माझ्याआधी वापरून कोणी मेलं नव्हतं.

त्यांच्या देवघरात चांदीचा एक लहानसा पत्रा होता, त्यावर बाईची आकृती. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीचा असा टाक पुजायचा असतो, म्हणजे मेलेली नव्या संसाराला त्रास देत नाही म्हणे. कमळाबाई रोज आंघोळ करून कमळेला हळदकुंकू वाहत. भाद्रपदात अविधवा नवमी आली की कहरच. नवऱ्याआधी गेलेल्या बायकोचं त्या दिवशी करायचं असतं. सवाष्ण म्हणून जेवायला मला बोलावणं असे आणि स्वयंपाक अर्थातच कमळाबाईंचा. बाहेर भटजी मोठ्यानं कमळेचं नाव घेऊन पाणी सोडत, आणि आत चुलीपाशी ही जिवंत कमळा घाम पुसत पुरण वाटत असे.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, कसं ऐकवतं हो तुम्हाला?"

"मी कुठं ऐकते?" त्या म्हणाल्या. "ते नाव माझं नाहीच. माझं नाव कल्याणला आहे."

खरंच ते कल्याणला होतं, आईपाशी. आई महिन्या-दोन महिन्यांनी लेकीला भेटायला यायची, पदराखाली कधी भाजी, कधी चार लाडू. दारातूनच हाक मारायची, "गोदे, ए गोदे!" सखुबाई माळ ओढता ओढता म्हणायच्या, "विहीणबाई, इथं गोदा कोणी नाही." म्हातारी ओशाळून हसायची. मग आत गेल्यावर हळू आवाजात पुन्हा गोदे म्हणायची आणि कमळाबाई तेवढ्यापुरत्या वेगळ्याच दिसायच्या. मला वाटे, सखुबाईंची ती माळ ओढून घ्यावी आणि विहिरीत टाकावी. पण आपण शेजारी, आपण काय करणार?

एक्कावन्न साली आई गेली. दिवस उरकून कमळाबाई परत आल्या आणि आमच्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत.

"संपलं, कलावहिनी," त्या म्हणाल्या. "आता मला हाक मारणारं कोणी उरलं नाही."

"मी मारते ना," मी म्हटलं.

"नको. तुम्ही कीव येऊन माराल. मला ती हाक आमच्या घरात हवी आहे. चुलीपाशी. मोठ्यानं. हळू आवाजात पुष्कळ ऐकली."

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आपण हसून म्हणतो. इथं तर वाळाही दुसरीचा आणि नावही दुसरीचं. त्या बाईला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे मी शपथेवर सांगते. पाटल्या नकोत, काशीयात्रा नको. त्या घरात कोणी तरी एकदा गोदा म्हणावं, एवढंच.

त्या सुमारास कल्याणच्या छावणीतून एक सिंधी बाई पापड विकायला चाळीत यायची. दुपारी ओट्यावर टेकायची, पाणी मागायची. एक दिवस तिथं मी, कमळाबाई आणि पलीकडच्या खोलीतल्या मद्रासी मामी अशा बसलो होतो. मी पापडवालीला नाव विचारलं.

"कौनसा बताऊँ?" ती हसली. "माँ ने पोपटी रखा था. शादी में पंडत ने रुक्मणी कर दिया. हमारे में भी तुम्हारे जैसा ही है."

"मग वाईट नाही वाटलं?" कमळाबाईंनी विचारलं.

"अब क्या बुरा मानना, बहन? घर उधर रह गया, गाँव उधर रह गया. नाम तो उससे भी पहले चला गया था." आणि तिनं टोपली डोक्यावर घेतली.

मामींना मात्र या गोष्टीत गंमत वाटत होती. त्यांच्याकडं बाईचं नाव बदलत नाहीत, जन्मलं तेच मरेपर्यंत. त्यांनी कमळाबाईंना माहेरचं नाव विचारलं. कमळाबाईंनी आधी सखुबाईंच्या दाराकडं पाहिलं आणि मग सांगितलं.

"गोदा? अय्यो, ते आमच्याकडे पण आहे!" मामी म्हणाल्या. "आम्ही कोदै म्हणतो. कोदै म्हणजे फुलांची माळ. देवाला घालायची असते ना, ती."

कमळाबाईंना वाटत आलं होतं की आपलं नाव नदीचं. आईनं नाशकाला गोदावरीला नवस केला होता आणि मुलगी झाली. आता त्यात फुलं निघाली. त्या चार-पाच दिवस चांगल्या खुशीत होत्या, भिंतीपलीकडून मला गुणगुणणं ऐकू येई. मग एकदम गप्प झाल्या. म्हणाल्या, "बघा ना, इतक्या लांबच्या मुलखातल्या मुली माझं नाव लावून फिरतात. आणि मला ते माझ्या घरात घ्यायची चोरी."

चौपन्न साली सखुबाई एकदाच्या गेल्या. सासू गेली ठीक झालं, घरदार हाती आलं, म्हणतात तशातली गत. किल्ल्यांचा जुडगा कमळाबाईंच्या कमरेला आला. मला वाटलं, आता तरी ही बाई सुखानं दोन घास खाईल.

सत्तावन्न साली गोपीनाथचं लग्न ठरलं. मुलगी ठाण्याची, शालू, हसरी, बडबडी, दहावीपर्यंत शिकलेली. सुनेचं नाव ठरवायचा मान सासूचा. कमळाबाईंनी मला तांदूळ निवडायला बोलावलं होतं, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी सुनेचं नाव गोदा ठेवणार आहे."

हरिहररावांनी पेपर खाली केला. "गोदा? हे कुठून काढलंस? जुनाट वाटतं जरा."

माझा सुपातला हात थांबला. वीस वर्षं ज्या बाईच्या हातचं हा माणूस जेवला, तिचं नाव त्याच्या ध्यानातही नव्हतं. मला वाटलं, कमळाबाई आता तरी बोलतील. वीस वर्षांचं सगळं बाहेर काढतील.

"नदीचं नाव आहे," त्या म्हणाल्या.

"असं होय. मग असू दे." आणि पेपर पुन्हा वर गेला.

ते कचेरीत गेल्यावर मी बोललेच. "वहिनी, शालू नाव काय वाईट आहे? राहू द्या की त्या पोरीचं."

"माझं राहू दिलं होतं का कोणी?"

"म्हणून तर म्हणते."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा खडे निवडू लागले. राग माझ्यावर नव्हता, ते मला कळत होतं. पण दिसत होते समोर मीच.

लग्न ठाण्याला झालं. गोपीनाथनं ताटात गोदा लिहिलं आणि शालूचा चेहरा उतरला. तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं ते शालू नाव ठेवलेलं, तिच्या मैत्रिणींनी रुखवतावरही तेच विणून आणलेलं. ती रडली, आणि बायका म्हणाल्या, नवरी रडायचीच.

पहिले काही दिवस कमळाबाई काम असो नसो हाक मारत. "गोदे! ए गोदे!" अगदी आईच्या सुरात. भिंतीआड माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पण पोरगी ओ देईना. मुद्दाम नव्हे हो, नाव अंगवळणीच पडलेलं नव्हतं. दुसरी हाक जायची, तिसरी जायची, आणि दर हाकेला आवाज चढायचा. "गोदे, बहिरी आहेस का गं? दूध उतू गेलं!" महिन्याभरात तो आईचा सूर पार गेला आणि सखुबाईंचा आला. "गोदे, आईनं काही शिकवलं नाही का तुला?" एवढी जपून ठेवलेली हाक, आणि तिच्यात आता शिव्याच भरायला लागल्या. कमळाबाईंना ते कळत होतं की नाही कोण जाणे. मला कळत होतं, आणि मला त्या दोघींचाही राग येत होता, त्या नवऱ्याचा तर सगळ्यांत जास्त.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी शालू विहिरीवर भेटली. पोरगी वाळली होती, बोलणंही कमी झालं होतं. देवघरातला टाक तिनं पाहिला होता, तो कोणाचा ते नवऱ्याला विचारलं होतं, आणि त्या घरातला हिशोब आपल्या परीनं जुळवला होता.

"काकू, एक विचारू?" ती म्हणाली. "सासूबाईंना यांच्या मेलेल्या आईचं नाव दिलेलं आहे ना? यांनी सांगितलं मला. मग मला दिलंय ते कोणाचं? या घरात गोदा कोण होती? ती कधी वारली?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मला दिसलं की कमळाबाई मागंच उभ्या आहेत, काखेत कळशी घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. शालू दचकली आणि पदर सावरायला लागली.

कमळाबाईंनी कळशी कठड्यावर ठेवली. "होती एक," त्या म्हणाल्या. "माझं लग्न झालं त्या दिवशी वारली."

"अगंबाई! तुमची कोण लागायची?"

"कोणी नाही," म्हणून त्यांनी दोर विहिरीत सोडला.